परतीची तारीख

मागच्या पुठ्ठ्याच्या आत जांभळा शिक्का आहे:
नऊ डिसेंबर, अठ्ठ्याऐंशी.
वार्सेनिकनं मारलेला, नेहमीसारखा तिरका.
वाचून झालं होतं. म्हटलं, शुक्रवारी देऊन येऊ,
घाई काय आहे.

बुधवारी, दुपार व्हायच्या आत, ग्युमरी पडलं.
(तेव्हा गावाचं नावही वेगळं होतं,
ते मागाहून पडलं.)
वाचनालयाचे तीन मजले
एकावर एक मिटले.
मी बटाट्यांच्या रांगेत उभी होते,
पुस्तक पिशवीत होतं,
म्हणून आम्ही दोघी उरलो.

त्यानंतर पत्र्याच्या डोमिकमध्ये बावीस हिवाळे.
शिराकचा वारा फटीफटीतून आत यायचा,
शेगडीत आधी फळ्या घातल्या, मग खुर्च्या,
मग सेद्राकचे बूट, कारण आता ते घालणार कोण.
शेजारच्या अनुशवाननं एकदा पुस्तकाकडे पाहिलं,
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही.

तशी कादंबरी काही थोर नाही.
एका आडबाजूच्या स्टेशनचा मास्तर आहे,
गाडी बर्फात अडकते, एक बाई उतरते,
तीन दिवस राहते, छत्री विसरून जाते.
पुढची दोनशे पानं तो ती छत्री कुठे ठेवावी
याचा विचार करतो.
लोक विचारतात, यात आहे काय एवढं?
यात कुणी मरत नाही.
सतराव्या प्रकरणात एक कोंबडी मरते,
तीही म्हातारी होऊन, आपल्या टोपलीत.

मला सगळं पाठ आहे. मास्तरच्या चहात
ओव्याच्या पानांसारखं काहीतरी रानातलं असतं,
तिथे आले की मी उठून आधण ठेवते.
पान एकशे चारवर वार्सेनिकच्याच बोटाचा डाग आहे,
जर्दाळूचा असावा. तिथे मी घाईनं पान उलटत नाही.

आणि पान एक्याऐंशी.
छापणाऱ्याच्या हातून खिळे चुकले,
आमच्या भाषेत ते दोन शब्द सख्खे शेजारी,
आणि बर्फाचा झाला कुत्रा.
'त्या स्टेशनावर रात्रभर कुत्रा पडत होता.'
सेद्राकला मी हे वाचून दाखवलं तेव्हा
त्याच्या हातातला चमचा खाली पडला.
मग दर हिवाळ्यात पडदा सारून तो गंभीरपणे सांगायचा,
फावडं काढ गं, गुडघाभर कुत्रा साचलाय.

गेल्या वर्षी येरेवानहून भाची आली, शोघिक.
'मावशी, नवी आवृत्ती निघालीय, मोठं टाइप,
डोळ्यांना त्रास नको.'
गुळगुळीत कागद, खळीचा वास.
मी सरळ एक्याऐंशी शोधलं. नव्वदवर सापडलं.
'त्या स्टेशनावर रात्रभर बर्फ पडत होता.'
बरोबरच आहे म्हणा. बर्फच पडतो.
मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं
आणि म्हणाले, तू वाच, छान आहे.

मग चौकात नवं वाचनालय झालं.
खूप दिवस टाळलं, शेवटी गेले.
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं,
दंडाचे पैसे रुमालात वेगळे बांधले.
टेबलामागे वाहाग्न नावाचा कोवळा पोरगा,
शिक्का पाहून आधी हसला, मग हसायचा थांबला.
यंत्रात बराच वेळ शोधलं त्यानं.
'काकू, हे पुस्तक आमच्या यादीत नाही.
यादीत नाही ते परत घेता येत नाही.'

बाहेर पायरीवर बसले.
पायात काही बळ नव्हतं, आणि सांगायचं तर
लग्नात आलं नसेल एवढं हसू येत होतं.
परत करता येत नाही,
म्हणजे परत पहिल्या पानापासून.
गाडी अजून यायची आहे,
छत्री अजून तिच्या हातात आहे.

वाहाग्न दार लोटून बाहेर आला,
'काकू, घरी जा, आभाळ भरून आलंय,
आज पडणार.'
'काय पडणार?' मी विचारलं.
बिचारा गोंधळला.